साधा दिवा

टक्.

लेकीला झोपवायला पडदा ओढला, खोली अंधारली, आणि त्या शांततेत टेबलावरचा दिवा वाजला. बंद होता तो. मी पडदा सरकवला, उजेड आला. टक्. पुन्हा ओढला. टक्.

"आई, दिव्याला उचकी लागली!" लेक पांघरुणातून खुदकन हसली.

दिवा तिच्या बाबांनी आणलेला, आपल्या दुरुस्तीच्या दुकानातून. लोक इस्त्रीलाही इलेक्ट्रॉनिक्स म्हणतात, याचा त्याला भारी राग. लेकीला त्याने नीट शिकवलंय: वीज मिळाली की नुसतं तापतं, फिरतं, पेटतं ते इलेक्ट्रिकल. आणि जे ओळखतं, मोजतं, निरोप धाडतं, ते इलेक्ट्रॉनिक्स.

"मग हा दिवा?" तिने तेव्हाच विचारलं होतं.

"हा साधा गं. तार, बटण, बल्ब. बस्स."

मग साध्या दिव्याला अंधार पडलेला कसा कळला?

हल्ली नवऱ्यालाही दुकानात बसून घरातलं बरंच कळायचं. "शेजारीण बराच वेळ बसली होती वाटतं?" "दुपारी रडलीस का गं?" मी लेकीचाच गाल ओढायची, "चुगलखोर कुठली!" आणि ती वेडी हसून दुसरा गाल पुढे करायची.

मी प्लग काढला. दिवा उलटा करून बुडाचा स्क्रू फिरवला. आत नखाएवढा कॅमेरा, अंधार-उजेड ओळखून टक् करत नजर बदलणारा, आणि दिव्याच्या नक्षीत लपलेली त्याची काच, थेट आमच्या पलंगाकडे रोखलेली.

फोन लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"दिव्याचा प्लग का काढलास?" तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"अगं, काळजीपोटी लावला. दिवसभर दोघीच असता घरात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर लावू दिला असतास?"

"नसता दिला."

"बघ! म्हणूनच."

मी फोन ठेवला. लेकीला जवळ ओढलं. तिने माझ्या मांडीवरच्या उघड्या दिव्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा खोटं बोलले?"

मी तिचे केस मागे सारत राहिले.

"आई, संध्याकाळी बाबा आले की दार उघडायचं ना?"