डावीकडे धर

ट्रेव्हर गाडी चालवत होता आणि मी ट्रेव्हरला चालवत होते. चेस्टरफील्डहून निघाल्यापासून हेच चाललं होतं. मागे बसलेल्या आमच्या लेकीला, केरीला, वाटत होतं की म्हातारपणी आईची बडबड वाढली आहे.

"पुढे गोल चौक आहे. दुसरा रस्ता आपला. डावीकडे धर. इंडिकेटर दे. हां, शाबास."

"आई, अगं चालवू दे ना त्याला सुखाने," केरी म्हणाली. "एकतीस वर्षं पन्नास-पन्नास माणसं घेऊन फ्रान्सला जायचा तो. तू कधी सायकल तरी चालवलीस का?"

नव्हती चालवली. नवरा टूरबसचा ड्रायव्हर असला की बायको कशाला शिकते? भाजी आणायलासुद्धा तोच न्यायचा. त्याच्या अख्ख्या नोकरीत गाडीला एक ओरखडा नाही, आणि हे तो ओळख झाल्यावर पाच मिनिटांत कुणालाही सांगायचा.

फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी त्याला एक कोरा कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. ट्रेव्हरने छान गोल काढला आणि बाराही आकडे एकाच बाजूला कोंबले. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, बरोबर आलं का म्हणून. आठवड्याने पत्र आलं. गाडी चालवणं ताबडतोब थांबवा, परवाना खात्याला कळवा. मी ते पत्र स्वयंपाकघरातल्या खणात, भांडी पुसायच्या फडक्यांच्या खाली सारलं. ट्रेव्हर दवाखान्यात जाऊन आल्याचंच विसरला होता. मी विसरले नव्हते.

का लपवलं? लोक काहीही म्हणोत, कारण साधं होतं. घरात तो दुधाची बाटली ओव्हनमध्ये ठेवायचा, बाथरूमच्या दारापाशी उभा राहून दार कुठे उघडतं ते विसरायचा. पण स्टिअरिंगला हात लागला की त्याची पाठ ताठ व्हायची, तो गुणगुणायला लागायचा, आणि बाजूला माझा नवरा बसलेला असायचा. मला तो माणूस हवा होता. तेवढ्या एका खुर्चीतच तो उरला होता.

त्यातून मार्चमध्ये त्याने टिलीला, आमच्या नऊ वर्षांच्या नातीला, कबूल केलं, "तुला आजोबाचे रस्ते दाखवतो." केरीचा नवरा आदल्याच वर्षी घर सोडून गेला होता. आठ महिन्यांनी पहिल्यांदा मी केरीला हसताना बघितलं. तिने रजा टाकली, बोटीची तिकिटं काढली, नॉर्मंडीत आठवड्याभरासाठी शेतावरचं एक घर घेतलं. मी फडक्यांच्या खणाकडे बघितलं आणि म्हटलं, जाऊ या. तोवर मला एक युक्ती सापडली होती. तो विसरला तर मी सांगायचं, बस्स. त्याचे हात आणि माझं डोकं.

स्टोनहेंजला थंडगार वारा होता. टिलीने दगड दोनदा मोजले, दोन्ही वेळा वेगळे भरले. ट्रेव्हर म्हणाला, "माझ्या एका प्रवाशाने विचारलं होतं, हे हमरस्त्याच्या इतक्या जवळ का बांधलं?" टिली खोखो हसली. तो विनोद त्याने वाटेत आणखी चार वेळा सांगितला, आणि चारही वेळा मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसले.

पोर्ट्समथला बोटीच्या रांगेत पहिला धक्का बसला. फ्रान्समध्ये समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये म्हणून आपल्या गाड्यांच्या दिव्यांवर काळ्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात. ट्रेव्हर ते डोळे मिटून करायचा. त्या दिवशी तो पट्ट्या हातात घेऊन दिव्यासमोर उकिडवा बसला आणि बसूनच राहिला. मी खाली उतरले.

"मॉरीन," तो हळूच म्हणाला, "हे काय आहे?"

मी पट्ट्या घेतल्या, पाकिटावरचं चित्र बघून चिकटवल्या. केरी आतून बघत होती. मी तिला म्हटलं, "गुडघे धरले बाबाचे." तेव्हाच सांगायला हवं होतं. गाडी बोटीत चढली आणि मी चहा आणायला गेले.

फ्रान्समध्ये मात्र सगळं सोपं झालं, हे सांगितलं तर कुणाला पटणार नाही. तिथे सगळं उजवीकडून, आणि आपलं स्टिअरिंगही उजवीकडे. त्यामुळे ट्रॅक्टरला मागे टाकायचं तर समोरून काय येतंय ते ड्रायव्हरला दिसतच नाही, डाव्या सीटवरच्या बाईलाच सांगावं लागतं. "थांब. थांब. आता जा." फ्रान्सला गाडी घेऊन जाणारी प्रत्येक इंग्रज बायको हे काम करते. माझ्या बडबडीला चांगलं निमित्त मिळालं. शिवाय पुढे एखादी गाडी असली की ट्रेव्हर बिनबोभाट तिच्या मागे जायचा. मी जीव मुठीत धरून बसायचे आणि पुढची गाडी वळू नये म्हणून देवाची करुणा भाकायचे. रात्री जबडा दुखायचा, इतके दात आवळलेले असायचे.

तिसऱ्या दिवशी दोंफ्रों गावच्या बाजारात तो पाव आणायला गेला आणि वीस मिनिटं परत आला नाही. मी चर्चच्या मागच्या गल्लीत धावत गेले, मटणाच्या दुकानात बघितलं, शौचालयात हाका मारल्या. शेवटी गावाच्या टोकाला, टूरबसा उभ्या राहतात तिथे तो सापडला. एका परक्या बसच्या दाराशी उभा राहून, काखेत पाव धरून, चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची डोकी बोटाने मोजत होता.

"चव्वेचाळीस," तो मला म्हणाला. "अजून सहा यायचेत. काय लोक आहेत."

त्या बसचा फ्रेंच ड्रायव्हर बाजूला सिगारेट ओढत उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याला कळलं होतं. पाच मिनिटांत एका परक्या माणसाला कळलं.

"ते सहा जण पायी येतायत, ट्रेव्हर," मी म्हटलं. "चल, जेवायची वेळ झाली."

केरीला सांगितलं, जुना ओळखीचा ड्रायव्हर भेटला, गप्पा मारत बसला. खोटं आता माझ्या जिभेवर तयार असायचं. पण संध्याकाळी माझ्याच्याने राहवेना. ती नळाखाली सॅलडची पानं धूत होती, मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. "केरी, बाबाबद्दल जरा—"

"मला माहितीये," ती म्हणाली. "किती खुशीत आहे ना तो? आई, तू जाऊ या म्हणालीस म्हणून आलो आपण. नाहीतर मी घरी पडद्यांकडे बघत बसले असते."

मी पानं पुसायला घेतली.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही एका खेड्यात चर्चसमोर बाकावर बसून पाव, चीज आणि खरबूज खाल्लं. खिडक्या सगळ्या बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आटोपून गाडीत बसलो. केरी फोनवर फोटो चाळत होती. टिलीचे हात खरबुजाने चिकट झाले होते, म्हणून मी मागे वळून ते पुसत होते. गाडी चौकाच्या कडेला आली आणि थांबली. मागे लागायला पुढे एकही गाडी नव्हती.

"कुठली बाजू?" ट्रेव्हरने तोंडातल्या तोंडात विचारलं.

मी मान न वळवता म्हटलं, "डावीकडे धर."

सदुसष्ट वर्षांची जीभ माझी. घरापासून तेच सांगत आले होते, तेच तोंडातून निघालं. आणि या रस्त्यांवरून दोनशे वेळा पन्नास माणसं नेलेल्या माणसाने एका शब्दाने विचारलं नाही. त्याने डावीकडे धरली.

दोन्हीकडे उंच कुंपणाची झाडी होती. अर्धा मैल आम्ही तसेच गेलो, टिलीचे हात पुसून होईपर्यंत. मी समोर वळले तेव्हा वळणावरून दुधाचा टँकर येत होता, आमच्याच बाजूने, आमच्याच अंगावर. भोंगा वाजला. मी ट्रेव्हरकडे बघितलं. त्याचे हात स्टिअरिंगवर शांत होते. मी काय सांगते याची तो वाट बघत होता.

मी स्टिअरिंग माझ्याकडे ओढलं. गाडी गवतात घुसली, झाडीत नाक खुपसून थांबली. टँकर घासून गेला आणि जाताना उजवीकडचा आरसा घेऊन गेला. मागे टिली रडायला लागली. रडतेय, म्हणजे जिवंत आहे, एवढंच मला कळलं.

टँकरवाला उतरून आला. रबरी बुटातला दांडगा माणूस, हातवारे करत, ओरडत. मग त्याची नजर आमच्या नंबरप्लेटवर गेली आणि त्याचा राग निम्म्यावर आला. इंग्रज, असं काहीतरी तो पुटपुटला. रस्त्यावरचा आरसा उचलून त्याने ट्रेव्हरच्या हातात दिला, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि मान हलवत निघून गेला.

केरी हसत होती आणि रडत होती. "बाबा, अरे असू दे. सगळ्यांचं होतं असं. माझ्या ऑफिसातला एक जण तर पेट्रोल पंपावरून निघाला तो सरळ उलट्या बाजूने गेला."

"चुकलं माझं," ट्रेव्हर म्हणाला. "माफ कर, पोरी."

सगळं आयतं माझ्या पदरात पडलं होतं. इंग्रज माणूस, उजवीकडचा रस्ता, जुनी सवय. टँकरवाल्याने मानलं, लेकीने मानलं, ज्याची चूक नव्हती त्याने माफीसुद्धा मागितली. मी तोंड मिटून बसले असते तर अजून तीन दिवस निघाले असते. आणि खरं सांगते, मी मिटूनच बसले होते.

ट्रेव्हरने गाडी चालू केली. मागे घेतली, रस्त्यावर आडवी आणली आणि थांबवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आता कुठली बाजू, मॉरीन?"

केरीचं हसू थांबलं. "म्हणजे काय, कुठली बाजू?"

मी हात लांब करून किल्ली फिरवली आणि काढून घेतली.

"डावीकडे मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी सांगेन तिकडे तो जातो. त्याला कळत नाही, केरी. फेब्रुवारीत डॉक्टरांचं पत्र आलंय, गाडी चालवू नका म्हणून. मी लपवून ठेवलं."

केरीने टिलीला जवळ ओढलं.

"टिली मागे बसली होती, आई."

"हो."

"चार दिवस."

"हो."

तिला सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं. ती ताठ पाठ, ते गुणगुणणं, ती एक खुर्ची. घरी ते सगळं किती खरं वाटायचं. नातीच्या हुंदक्यांपुढे त्यातलं एकही तोंडातून काढण्याजोगं नव्हतं. मी किल्ली मागे दिली.

केरी उतरली, वळसा घालून आली आणि तिने ट्रेव्हरचं दार उघडलं. तो निमूटपणे उतरला. तिने त्याला हाताला धरून माझ्या जागेवर बसवलं, मी मागे टिलीजवळ गेले. मग ती स्टिअरिंगवर बसली. उजवीकडून तिने जन्मात गाडी चालवली नव्हती, तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलं.

ट्रेव्हर बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होता. मग तिच्या चेहऱ्याकडे. त्याने घसा साफ केला आणि तो जरा पुढे झुकला. प्रवाशांशी बोलायचा तसा त्याचा आवाज अदबशीर होता.

"तुम्ही या रस्त्यावर नवीन दिसता, बाई," तो म्हणाला. "सावकाश घ्या हं. मागे लहान मूल बसलंय."

केरीने ओठ दाताखाली धरले. "हो," ती म्हणाली. "घेते सावकाश."

तिने तीन वेळा दोन्हीकडे बघितलं आणि गाडी उजव्या बाजूने काढली. मागे मी टिलीचा पट्टा नीट लागलाय की नाही ते पुन्हा पुन्हा चाचपत बसले.