चालीत बसणारा शब्द

“गाण्यातली ‘मी’ म्हणजे तुम्हीच का हो?” हा प्रश्न मला प्रत्येक मुलाखतीत विचारायचे. माझं उत्तर ठरलेलं असे. सुतार पाळणा करतो म्हणून त्याच्या घरी मूल असतंच असं नाही. लोक हसायचे, विषय मिटायचा.

ताई मात्र हसली नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ती न सांगता आली. तिला कुणीतरी काचेअलीकडच्या छोट्या खोलीत माझ्याशेजारी बसवलं होतं. आत गायिका कानांवर हेडफोन चढवून उभी होती, मास्तर पेटी घेऊन बसले होते. चाल त्यांची, शब्द माझे. महिन्यापूर्वी हे गाणं एका कार्यक्रमात म्हटलं गेलं होतं आणि ते ताईच्या घरापर्यंत पोचलं होतं.

“माझ्या विहिणीनं फोन करून विचारलं,” ताई पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली. “‘धाकट्या बहिणीनं तुमच्यावरच लिहिलंय ना हो?’ काय सांगू तिला?”

“सांग, गाणं आहे म्हणून. कुणावर नाही.”

“मग हे काय?” तिनं समोरचा कागद ओढला आणि चष्मा न लावताच वाचलं.

‘थोरली दारीच थांबून गेली,
आतली हाक ती ऐकून गेली.’

अकरा वर्षांपूर्वी आई हॉस्पिटलात होती. ताईनं सलग एकोणीस दिवस तिच्या उशाशी काढले. विसाव्या दिवशी दुपारी ती अंघोळीला म्हणून घरी गेली आणि तेवढ्यात आई गेली. “एक दिवस अंघोळ केली नसतीस तर काय झालं असतं?” दादा त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला. तेव्हापासून तो ताईशी कामापुरतंच बोलतो.

“तू काहीच म्हणाली नव्हतीस,” ताई म्हणाली. “मला वाटायचं, ही एक तरी आपल्या बाजूची आहे. आणि तू गाण्यात घातलंस.”

“चालीसाठी घातलं गं. तिथे ‘थोरली’च बसते.”

ताईनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी माझ्या कविता तीच टेबलावर बोटं आपटून तपासायची. आताही तिचं बोट आपोआप कागदावर पडायला लागलं. “थो-र-ली. धा-क-टी.” तिनं पुन्हा एकदा ठोकून पाहिलं. “बसतं की! अगदी तस्संच बसतं.”

आमचा आणि मास्तरांचा, दोन्ही माइक चालू होते. तिकडून ते हसत म्हणाले, “बसणारच, ताई! ‘लाकडी’ घाला, ‘बोबडी’ घाला, माझ्या चालीत सगळं बसतं. पण बाईंनीच हट्ट धरला ‘थोरली’चा.”

मी बटण दाबून आवाज बंद केला.

रोज सकाळी तासभर मौन पाळायचं आणि मगच देवापुढे बसायचं, हा माझा अकरा वर्षांचा नेम आहे. तो तास सोयीचा असतो. मौनात खोटं बोलावं लागत नाही, आणि खरंही. त्या खोलीत मात्र गप्प राहणं म्हणजे दुसऱ्यांदा खोटं बोलणं झालं असतं.

“आणि ही हाक कुठली?” ताईनं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “नर्स तर म्हणाली होती, आई झोपेतच गेली. हाकेचं तुला कुणी सांगितलं?”

“मी ऐकली.”

“कुठून?”

“दाराबाहेरून. मी आले होते तेव्हा. सगळ्यांना सांगितलं की नंतर पोचले. तसं नव्हतं.”

ताईचं बोट ओळीवर तसंच राहिलं. “काय म्हणत होती?”

“‘थोरले, आलीस का?’ दोनदा म्हणाली.”

“आणि तू?”

“मी खाली जाऊन बाकावर बसले. मला वाटलं, दार उघडून मी दिसले की तिचा चेहरा पडेल. तो मला बघायचा नव्हता.”

तिनं बोट ओळीवरून उचललं. मग नेहमीपेक्षाही हळू आवाजात म्हणाली, “अगं, तिला शेवटचे चार दिवस दिसत होतं तरी कुठे? तू नुसतं ‘आले गं’ म्हणाली असतीस, तर मीच आले असं समजली असती ती.”

हे मला माहीत नव्हतं. त्या दुपारपर्यंत मी त्या चार दिवसांत फिरकलेच नव्हते.

काचेवर टकटक झाली. मास्तर हातवारे करून विचारत होते, घ्यायचं का? मी पेनानं ‘थोरली’ खोडलं, वर ‘धाकटी’ लिहिलं आणि कागद आत नेऊन दिला. गायिकेनं एकदा गुणगुणून पाहिलं, मान हलवली. चालीत काही फरक पडला नाही.

परत आले तर ताई उभी होती. तिचे डोळे कोरडे होते. मला वाटलं, आता ही जवळ घेईल किंवा थोबाडीत देईल. तिनं दोन्ही केलं नाही.

“लोक विचारतील आता, ही धाकटी कोण,” ती म्हणाली.

“सांगेन.”

“लोकांचं नंतर बघ. आधी दादाला सांग. आत्ता, माझ्यासमोर.”

“फोनवर?”

“मला हे सोसून अकरा वर्षं झाली गं. तुला भेटीची वाट बघायचीय होय?”

आत गाणं सुरू झालं होतं, पण आवाज बंद असल्यामुळे आम्हाला नुसते ओठ हलताना दिसत होते. मी नंबर लावला. दादानं तिसऱ्या रिंगला उचलला. “बोल गं, छोटे.”

“दादा,” मी म्हटलं, “आई गेली तेव्हा मी तिथे होते.”