फटफटीचा दम

"आज नाही झाली दुरुस्त, तर संध्याकाळी पाच वाजता शिवडीचा भंगारवाला येतोय," कमलाकांत त्रिलोकेकर टोपी काढून स्टुलावर बसत म्हणाले. "शब्द दिलाय मी त्याला."

गुणाजी परबने हातातला पाना खाली ठेवला. लालबागच्या या गाळ्यात वीस वर्षं तो इंजिनं उघडत आला होता. आलेलं इंजिन तसंच परत गेलं, असं एकदाही घडलं नव्हतं. आणि ही एवढीशी जुनी विलायती फटफटी तीन आठवडे त्याच्या नाकावर टिच्चून उभी होती. प्लग बदलला, पॉइंट घासले, कार्बुरेटर तीनदा धुतला, सायलेन्सरमधली काजळी खरवडली. गाळ्यात इंजिन कसं गुणी लेकरासारखं चाले. गल्लीत दोन चकरा मारल्या तरी तक्रार नाही. पण कमलाकांतराव तिच्यावर बसून गिरगावला निघाले, की भायखळ्याच्या पुलाच्या चढावर तिचा दम गेलाच म्हणून समजा. दहा मिनिटं थांबलं की बाईसाहेब पुन्हा चालू. असलं नाटकी दुखणं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

कमलाकांतराव फोर्टातल्या कचेरीतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. गिरगावच्या जुन्या घरातला माणूस, रागावला तरी आवाज चढायचा नाही. "रविवारी एक मे," ते म्हणाले. "आपला महाराष्ट्र होतोय. शिवाजी पार्कची रोषणाई दाखवायला बायकोला मागे बसवून नेईन म्हटलं होतं. पण गाडी ढकलत घरी जाणं आता या वयात जमत नाही रे."

त्यांच्या आवाजातली हार गुणाजीला झोंबली. त्याने फडक्याला हात पुसले. "चला साहेब. आज मी मागे बसतो. मरूंदे तिला एकदा माझ्या डोळ्यांदेखत."

ती मेलीच. पुलाच्या अर्ध्या चढावर दोन आचके दिले आणि गप्प. मागून ट्रामची घंटा ठणठणायला लागली, तशी दोघांनी गाडी कडेला घेतली. पेट्रोल तरी आहे ना बघावं, म्हणून गुणाजीने टाकीचं झाकण फिरवलं, तर टाकीने 'सूं' करून हवा आत ओढली. बुडी मारून वर आलेल्या माणसाने श्वास घ्यावा तशी. झाकण हातात धरूनच त्याने किक मारली. पहिल्या किकेला इंजिन सुरू.

गुणाजीने झाकण उलटंसुलटं करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक असतं. टाकीतलं पेट्रोल खाली उतरायचं, तर वरून हवा आत यायला हवी. ते भोक कुंकवाने लिंपलं होतं. ओल्या कुंकवाचे थरावर थर, वाळून दगड झालेले.

"माका दोन फटके द्या साहेब," तो म्हणाला. "कुंकू लावलेलं झाकण. त्याला तेलकट हात कसा लावायचा, म्हणून रोज नमस्कार करून गणपतीच्या तसबिरीपाशी ठेवायचो. मग सगळं काम उघड्या टाकीवरच. सगळी गाडी धुतली, तेवढं झाकण सोडून."

कमलाकांतराव हसायला लागले ते थांबेनात. पुलावरचे लोक वळून बघायला लागले. "अरे, मग खरवड की आता."

"नाय साहेब. वहिनींना विचारल्याशिवाय नाय."

झाकण ढिलं ठेवून ते गिरगावला पोचले. नलूताईंनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "छप्पन साली गोळीबार झाला, तेव्हा हे फोर्टात होते," त्या म्हणाल्या. "दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. जीव नुसता टांगणीला. त्या दिवशी गाडीने यांना सुखरूप आणलं. तेव्हापासून गाडी निघाली की मी झाकणावर कुंकवाचं बोट लावते. आणि शेवटी मीच बंद पाडली म्हणायची."

"तुम्ही नाय वहिनी, मी. नमस्कारच करत बसलो." गुणाजीने झाकण त्यांच्यापुढे धरलं. "पण एक सांगू? देवाक कुंकू लावतत ता कपाळाक. पोटाक कोण लावता? गाडीचं कपाळ म्हणजे पुढचा दिवा."

नलूताईंना हसू फुटलं. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि पायरीवर बसून झाकणावरचं कुंकू स्वतः एकेक खपली करून सोडवलं. पलीकडचा उजेड भोकातून दिसला तेव्हा कुठे झाकण परत दिलं.

कमलाकांतराव भायखळ्याचा पूल चढून, उतरून, पुन्हा चढून आले. इंजिन एकदाही अडखळलं नाही. भंगारवाल्याला परस्पर निरोप गेला. "रविवारी सहाला तयार राहा," त्यांनी बायकोला बजावलं. पंचावन्न वर्षांच्या नलूताई चक्क लाजल्या. गुणाजीला इतका आनंद झाला, की तीन आठवड्यांचा शीण कुठे गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

नलूताईंनी करंडा आणला. दिव्यावर एक बोट ओढलं. बोटाला थोडं कुंकू उरलं होतं. त्यांनी गुणाजीकडे पाहिलं.

"घरी कोण असतं रे तुझ्या?"

"बायको, शांता. मालवणात असते. दोन वर्षं झाली, गावी जाणं झालं नाय."

"मग इकडे ये."

गुणाजीचे हात तेलाने काळे होते. ते त्याने पाठीमागे धरले आणि वाकून कपाळ पुढे केलं.