ताईला स्पष्ट फोटो हवा होता

"हनुवटी जरा खाली घे," मी म्हणालो.

"हनुवटी अजून पाच तास माझी आहे. मला पाहिजे तिथे ठेवीन," ताई म्हणाली, आणि तिने ती होती त्याहून वर केली.

एरवी मी हसलो असतो. दुपारी एक वाजता ताईच्या जबड्याचं ऑपरेशन होतं. डाव्या बाजूचं हाड गाठीसकट काढणार होते. नंतर चेहरा कसा दिसेल, असं तिने विचारलं तेव्हा डॉक्टरांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर. म्हणून आज सकाळी आठला, हॉस्पिटलच्या वाटेवर, ती माझ्या स्टुडिओत स्टुलावर येऊन बसली होती. टेलिफोनच्या चौकशी विभागात एकतीस वर्षं तिने लोकांना नंबर सांगितले. शहरात तिचा आवाज न ऐकलेला माणूस विरळा, पण चेहरा कोणाला ठाऊक नाही. फोटोचं नाव काढलं की ती स्वयंपाकघरात पळायची. आज पहिल्यांदा स्वतःहून मागत होती.

माझ्या कॅमेऱ्यावर दोन वर्षं एकच भिंग आहे. बनवलंय हल्लीच, पण जुन्या पद्धतीचं. फोकस हाताने कडं फिरवून करायचा. आतलं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की ते अंधाऱ्या खोलीतही भरपूर उजेड आत घेतं आणि चेहऱ्यावर दुधाळ झाक चढते. सुरकुत्या, डाग, जागरणं, सगळं विरघळून जातं. छिद्र बारीक केलं की तेच भिंग शहाण्यासारखं सगळं स्पष्ट दाखवतं. पण मी ते बारीक करतोच कशाला? पंचावन्नची बाई चाळिशीची होऊन बाहेर पडते, खूश असते. माझी बायको त्या भिंगाला 'मोतीबिंदू' म्हणते.

पहिले आठ-दहा फोटो मी सवयीने तसेच काढले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर ताईला दाखवले. तिने चष्मा चढवला.

"ही कोण?"

"तू."

"मी कसली! ही कोणाची तरी खाऊनपिऊन सुखी विहीण आहे. आणि गाठ कुठे गेली रे? तुझ्या फोटोत बरी झाले की काय मी?"

"छान दिसतेयस, ताई."

"छान दिसायला नाही आले. आहे तशी काढ. उद्या आरशात काय दिसायचं ते दिसेल. त्याआधी तिथे कोण होतं, ते मला माझ्याजवळ हवंय."

मी मान डोलावली. डोळ्यावर फोकस केला, छिद्र बारीक केलं आणि धडाधड बारा फोटो काढले. मध्येच दिवा सरकवला, पुन्हा होता तिथे आणला, घड्याळ बघितलं. घाई तिला नव्हती, मला होती.

"आला?"

"झक्कास."

"मोठा करून बघितलास?"

"बघितला की," मी म्हणालो. बघितला नव्हता.

बायको तिला टॅक्सीने हॉस्पिटलात घेऊन गेली. साडेअकराला तिला ऑपरेशनच्या तयारीला नेणार होते, म्हणून मी फोटो छापून अकराच्या आत पोचायचं ठरलं होतं. मी साडेदहापर्यंत उगाच दिवे आवरत बसलो, मग कॉम्प्युटर लावला आणि पहिला फोटो मोठा केला. डोळे धूसर, ओठ धूसर, गाठ धूसर. कान मात्र असा लख्ख की भोकाजवळच्या सुरकुत्या मोजाव्यात. बाराही फोटोंत तेच.

या भिंगाची एक खोड आहे. उघडं असताना फोकस करून मग छिद्र बारीक केलं, की फोकस थोडा मागे सरकतो. म्हणून आधी बारीक करायचं आणि मग फोकस करायचा. हे भिंग वापरणारा प्रत्येक जण हे जाणतो, मीही जाणत होतो. दोन वर्षांत वेळच आली नव्हती, म्हणून हात विसरला. पण भिंगाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. तिथल्या तिथे मोठं करून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. मला ती गाठ मोठी करून बघायची नव्हती.

दहा चाळीस झाले होते. कॅमेरा गळ्यात अडकवला, स्टुडिओला कुलूप लावलं की नाही ते आठवत नाही. टॅक्सी दुसऱ्याच सिग्नलला अडकली, तेव्हा उतरून पळत सुटलो. लिफ्टची वाट बघवेना. तीन जिने चढून धापा टाकत वॉर्डात पोचलो. ताई हिरवा झगा घालून कॉटवर बसली होती.

"आले साहेब," बायको म्हणाली.

"फोटो?" ताईने हात पुढे केला.

"नाही आला. कान आला फक्त."

ताईला हसू फुटलं. "नोकरी त्यानेच केली जन्मभर. येऊ दे बिचाऱ्याचा."

"ताई, मी सकाळी खोटं बोललो."

"कळलं होतं मला. लहानपणापासून खोटं बोललास की 'की' लावतोस शेवटी."

"मला भीती वाटली गं."

"आणि मला काय गंमत वाटतेय?" ती उठली. "चल, खिडकीपाशी उजेड आहे."

तेवढ्यात नर्स आली. "मावशी, न्यायला येतायत. कवळी काढून ठेवायची राहिलीय."

"फोटो झाला की काढते. दातांशिवाय नाही काढायचा मला."

नर्सने माझ्याकडे बघितलं. "पाच मिनिटं हं, जास्त नाही."

या वेळी मी आधी छिद्र बारीक केलं. मग पडद्यावर तिचा चेहरा मोठा केला आणि कडं हळूहळू फिरवत गेलो. पापण्या आल्या. तिथून खाली सरकलो. गाठीवरची कातडी ताणून चकचकीत झाली होती आणि तिच्या कडेला एक पांढरा केस होता. मी बघितलं. श्वास रोखून तीन फोटो काढले आणि प्रत्येक मोठा करून तपासला.

ताईने चष्मा लावून फोटो बराच वेळ निरखला. पडदा विझला तेव्हा मला तो पुन्हा लावायला सांगितला.

"हं," ती म्हणाली. "जपून ठेव."

मग भिंतीकडे तोंड करून तिने कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. गाल एकदम आत गेले.

"डबीत पाणी घालून ठेवतो," मी म्हणालो.

"कशाला?" तिचे शब्द आता घरंगळत होते. "जबडाच नाही राहणार. आता ती मला बसायची नाही."

कोणाचा हात न धरता ती स्ट्रेचरवर चढली आणि झगा पायांवर नीट सारखा केला. स्ट्रेचर हललं. मी रुमाल हातात धरून बाजूने चालत राहिलो. आतली कवळी अजून कोमट होती.