कुंदाताईचा डावा पाय

सोमवारी माझ्या वर्गातली चौथी रांग नाहीशी झाली. डेस्टिनी नावाच्या मुलीनं हात वर करून विचारलं, "मिस, मी कुठे बसू?" मी तिला ट्रेव्हरच्या शेजारी सरकून बसायला सांगितलं. मुलं सरकली. इथली मुलं एरवी कोणासाठी सरकत नाहीत, म्हणून मला बरंच वाटलं.

ओहायोतलं हे गाव म्हणायला शहर आहे. एक सरकारी हायस्कूल, एक फुटबॉलचं मैदान, आणि मैदानाचा थाट शाळेपेक्षा मोठा. मी तिथे भूमिती शिकवत होते. शेजारच्या खोलीत कुंदाताई वाघचौरे फिजिक्स शिकवायची. मी सिन्नरची, ती संगमनेरची. आम्ही एकाच विमानानं आलो आणि एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर एकत्र राहिलो. विमानात मला रडू फुटलं, तेव्हा तिनं पर्समधून आवळासुपारी काढून माझ्या हातावर ठेवली होती. त्या दिवसापासून मी तिला देव मानायला तयार होते, एक घोरणं सोडलं तर.

मुख्याध्यापिका मिसेस लिंडग्रेन यांनी आल्या आल्या आम्हाला नियम समजावला होता. शिक्षकानं खोली सोडली की खोली आक्रसते आणि तेवढी जागा शेजारच्या खोलीला मिळते. म्हणून बाथरूमला जायचं असेल, तर शेजारच्या शिक्षकाला बोलवायचं. दारं लागूनच आहेत. त्यानं मधे उभं राहून एक पाय स्वतःच्या खोलीत आणि एक बाहेर गेलेल्याच्या खोलीत ठेवला, की पुरतं.

"आणि खोली संपली तर?" मी विचारलं.

"मग शिक्षकाचं कामही संपलं," त्या म्हणाल्या, आणि आम्हाला डोनट दिले.

काम संपलं म्हणजे परतीचं विमान. माझी मुलगी जुई नणंदेकडे होती. उन्हाळ्यात तिला इथे आणायचं ठरलं होतं आणि तिनं आत्तापासूनच बर्फातले बूट मागून ठेवले होते. त्यामुळे मी खोली एकदाही उघडी टाकली नाही. मधल्या भिंतीवर डस्टर आपटायचं, पलीकडून कुंदाताई "जा गं" म्हणायची, मगच मी निघायची.

मंगळवारी कपाट गेलं. बुधवारी मिसेस लिंडग्रेन वर्गात आल्या, म्हणजे जेमतेम अर्ध्या आल्या, कारण पुढे जागा नव्हती.

"तुम्ही खोली रिकामी सोडताय," त्या म्हणाल्या.

"नाही. मिस वाघचौरे उभ्या असतात."

"उभ्या असतात, असं त्याही सांगतात. पण खोली तर लहान होतेय." त्या गोड हसल्या. वाईट बातमी सांगताना इथली माणसं फार गोड हसतात.

त्या संध्याकाळी जुईनं फोनवर मला पाहिलं आणि म्हणाली, "आई, तू अशी अंग चोरून का बसलीस?" मी घरी होते, सोफा अख्खा मोकळा होता. मी हातपाय पसरायला गेले, पण ते पसरले जाईनात.

गुरुवारी मी डस्टर आपटलं, "जा गं" ऐकलं, कॉरिडॉरच्या वळणापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं. कुंदाताई दारात उभी होती. तिचा उजवा पाय तिच्या खोलीत होता. डावाही तिच्याच खोलीत होता. नुसती मान लांब करून ती माझ्या वर्गात डोकावत होती आणि माझ्या मुलांकडे बघून हसत होती. माझ्या दाराची चौकट हळूहळू अरुंद होत होती, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. मी बाथरूमला न जाताच परत आले.

घरी ती पिठलं हलवत होती.

"ताई, तुझा पाय कुठे होता?"

"कुठला?"

"डावा."

"दुखतो गं तो, फार वेळ ताणून धरला की." तिनं गॅस बारीक केला. "माझ्याकडे मुलं जास्त आहेत, रोहिणी. टेबलं आहेत, उपकरणं आहेत. तुझी भूमिती काय, कागदावर होते."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू बाहेर गेली असतीस का?"

तिनं मला पिठलं वाढलं, वर कच्चं तेल घातलं, मला आवडतं तसं. मी जेवले. भांडायला हवं होतं. पण त्या गावात माझ्याशी मराठीत भांडणारंसुद्धा तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं, आणि याचंच मला रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

शुक्रवारी मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही. बाहेर जायचंच नाही, मग काय करेल ती? भिंत जागच्या जागी थांबली. मुलं गुडघ्याला गुडघा लावून त्रिकोण काढत होती आणि मी फळ्याला पाठ टेकून उभी होते. तेवढ्यात फायर ड्रिलची घंटा झाली.

फायर ड्रिलला सगळ्यांनी मैदानावर जायचं असतं. सगळेच बाहेर असले की सगळ्या खोल्या सारख्या आक्रसतात, कोणाचं जास्त नुकसान होत नाही. मी मुलांना रांगेत खाली नेलं. कुंदाताईची मुलं आधीच गोलपोस्टखाली उभी होती.

"तुमच्या मिस कुठे आहेत?" मी विचारलं.

"त्या म्हणाल्या, तुम्ही पुढे व्हा," एक मुलगा म्हणाला.

मी वर पाहिलं. कुंदाताई खिडकीत कोपर टेकून उभी होती. तिची खिडकी रुंद होत होती. शेजारची माझी खिडकी आधी दाराएवढी झाली, मग फूटपट्टीएवढी. मी मिसेस लिंडग्रेनना बोट करून दाखवलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं.

"छान मोठी खोली आहे त्यांची," त्या म्हणाल्या.

परत आलो तेव्हा माझी बाकं कुंदाताईच्या खोलीत होती, म्हणून माझी मुलंही तिथेच शिरली. मी त्यांना अडवलं नाही, कारण बसायला तर हवंच. डेस्टिनीनं मला पाहिलं आणि ती खाली वाकून दप्तरात पेन्सिल शोधायला लागली. कुंदाताईनं दार ओढून घेतलं. ओढताना तिनं मान हलवली, घरी झोपायला जाताना हलवते तशी.

माझं दार अजून होतं. मी आडवी होऊन आत शिरले. आत फळ्याची एक उभी पट्टी होती आणि खडू ठेवायची कड. मी फळ्याला पाठ लावली, तर मधली भिंत गालाला टेकली. निदान मी खोलीत आहे, मी स्वतःला बजावलं, मी आहे तोवर खोली आहे. पलीकडून कुंदाताईचा आवाज स्वच्छ येत होता. ती भूमिती शिकवत होती.

"बिंदूला लांबी नसते," ती म्हणाली.

"नसते," माझी मुलं म्हणाली.

"रुंदी नसते."

"नसते."

याच्या पुढचं वाक्य तिला येत नव्हतं. बिंदूला जागा असते, एवढंच ते वाक्य आहे. मुलांनी ते चुकीचं शिकू नये, म्हणून मी ते भिंतीतून ओरडून सांगायचं ठरवलं. पहिला शब्द उच्चारायला मी श्वास सोडला, तेवढ्यानं छाती आत गेली, आणि तेवढी जागा भिंतीनं घेतली.