आतला मजकूर

मी एक पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे. मातीची, तुमच्या तळहातात मावेल एवढी. आणि तुम्हाला दिसते ती मी नव्हेच. दिसतो तो माझा लिफाफा, तोही मातीचाच. मी त्याच्या आत आहे, अंधारात, गेली तीन हजार सातशे वर्षं. मराठी कुठून आलं म्हणाल, तर शुभदाकडून. हायडेलबर्गच्या ज्या संग्रहात मी असते तिथे ती संशोधन करते, आणि काम करताना स्वतःशी मराठीत पुटपुटते. ऐकण्याखेरीज मला दुसरा उद्योग नाही.

माझा जन्म सिप्पार गावचा, आजच्या इराकमधला. तिथे एरिश्ती नावाची बाई राहायची, देवाला वाहिलेली, बिनलग्नाची. तिच्याकडे अहातूम नावाची दासी होती. तीस वर्षं तिने एरिश्तीच्या घरी पाणी भरलं. शेवटच्या दुखण्यात एरिश्तीने लेखनिक बोलावला, साक्षीदार बसवले, अहातूमला उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं केलं आणि तिच्या कपाळावरून ओला हात फिरवला. लेखनिकाने मऊ मातीत बोरूने लिहिलं, ‘अहातूमचं कपाळ शुद्ध झालं. ती मोकळी आहे. तिच्यावर कुणाचाही हक्क नाही.’ मग सगळ्यांना ते वाचून दाखवलं. आमच्याकडे वाचायचं म्हणजे मोठ्यानेच. कानांनी ऐकलं की ते खरं झालं. ती माती म्हणजे मी.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण सगळा घात तिथेच झाला. आतली पाटी आधी एक दिवस वाळू द्यावी लागते, नाहीतर लिफाफा तिला चिकटून बसतो. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती मातीचा लिफाफा चढवायचा आणि त्यावर तोच मजकूर पुन्हा लिहायचा. साक्षीदारांचे शिक्के लिफाफ्यावर. पुढे बाहेरच्या मजकुराबद्दल कुणी शंका काढली, तर न्यायाधीशांनी लिफाफा फोडून आतलं वाचायचं. युक्ती चांगलीच आहे. फक्त तो मधला एक दिवस कुणी ध्यानात घेतला नव्हता.

त्याच संध्याकाळी एरिश्ती गेली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ लेखनिकाशेजारी येऊन बसला. माझ्यावर ओली माती बसत गेली, उजेड गेला, आणि वर बोरू टोचत होता तो मला आतून कळत होता. शब्द माझे नव्हते. ‘अहातूम सेवा करील. ही पाटी ज्याच्याकडे राहील त्याच्याकडे ती पाणी भरील. याला अंत नाही.’ साक्षीदार आले. काल ऐकलंय की सगळं, पुन्हा कशाला, म्हणून त्यांनी भराभर शिक्के फिरवले. वाचता येत होतं कुणाला? अहातूमकडे शिक्का नव्हता. तिने आपलं नख उमटवलं, तेही हसतहसत. ते हसू मला अजून सहन होत नाही.

पुढे ती न्यायाधीशांकडे गेली. ‘आत बघा,’ एवढंच म्हणत राहिली. भाऊ शांतपणे म्हणाला, ‘शिक्के शाबूत आहेत, नख तिचंच आहे. मग फोडायचं कशाला?’ न्यायाधीशांना ते पटलं. चोर तो चोर, वर शिरजोर. त्याने मला घरातल्या एका रांजणात टाकलं. घरात कुणी नसलं की अहातूम मला उचलून कानाशी धरायची आणि हलवायची. वाळून आकसल्यामुळे मी आत खुळखुळते. तेवढं ऐकून ती परत पाण्याला जायची. एक दिवस ती आली नाही. मग घर पडलं, गाव पडलं, आणि फार काळ काहीच झालं नाही.

जर्मनीत येऊन मला शंभरावर वर्षं झाली. इथे पहिल्यांदा एका विद्यार्थ्याने लिफाफ्यावरचा मजकूर वर्गात मोठ्याने वाचला, अडखळत. ‘पाणी भरील’ या शब्दांपर्यंत तो आला आणि दाराशी पावलं वाजली. अनवाणी. ती पावलं मी ओळखली. तास संपला, मुलं गेली, पण ती गेली नाही.

तेव्हापासून ती इथेच असते. आमच्याजवळ पाणी आणू देत नाहीत, म्हणून लोकांचे पेले बाहेरच्या टेबलावर असतात. मला हाताळून जो कोणी बाहेर जातो, त्याचा पेला भरलेला असतो. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणीतरी भरला असेल. पाण्याला मातीचा वास येतो असं एकदा एक बाई म्हणाल्या आणि घरून बाटली आणू लागल्या. ती बाटलीही भरलेलीच राहू लागली, तेव्हा त्यांनी हे काम सोडलं. महिन्यातून एकदा पाहुणे येतात. त्यांना शिक्क्यांची बाजू दाखवतात आणि वरचा मजकूर मोठ्याने वाचतात. दर महिन्याला ती नव्याने बांधली जाते, आणि मी आत बसून ते ऐकते.

गेल्या वर्षी शुभदाने माझा सीटी स्कॅन केला. लिफाफा न फोडता आतलं दिसतं म्हणे. माझी एकेक ओळ पडद्यावर उघडली तसा तिचा हात तोंडावर गेला. “आत वेगळंच आहे!” प्रोफेसरबाई धावत आल्या. दोघींनी टिपणं काढली, निबंध लिहिला, शुभदा तो हॅनोव्हरच्या परिषदेत वाचूनही आली. मी आणि अहातूम मात्र इथेच होतो. या खोलीत सगळं वाचन डोळ्यांनी झालं, ओठ मिटून. तिच्या कानावर एक अक्षर पडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मला तर उघडल्यावरही कुणी बोलू दिलं नाही. मी तेव्हा फार रडले असते, पण वाळलेल्या मातीला तेही जमत नाही.

मग या वसंतात शुभदाच्या सासूबाई, मनोरमाबाई, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. एका शनिवारी शुभदा त्यांना आमची खोली दाखवायला घेऊन आली.

“आई, बाहेरच्या टेबलाशी बसता का जरा? वर प्रोफेसरांनी भेटीचा छोटा टर्मीन दिलाय, दहा मिनिटांत आले.”

ती परतली तेव्हा मनोरमाबाईंच्या हातात पाण्याचा पेला होता.

“पाणी कुठून घेतलंत, आई?”

“त्या बाईंनी दिलं. त्या काय, दाराशी उभ्या आहेत. बसा म्हटलं तर बसत नाहीत. मराठी कळत नसेल, तू जर्मनमधून सांग बाई.”

शुभदा दाराकडे बघतच राहिली. “आई, आज झामस्टाग, शनिवार. सुट्टी आहे. या मजल्यावर आपण दोघीच आहोत.”

मनोरमाबाईंनी पेला अगदी सावकाश खाली ठेवला. पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. मग माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, “तू त्या दासीचं सांगत होतीस, ती पाटी हीच ना? आत काय निघालं म्हणालीस?”

शुभदाने बाहेरचं आणि आतलं, दोन्ही सांगितलं.

“मग हे वाचलंस का तू?”

“वाचलं ना. पेपर पब्लिश झाला, आई.”

“तसं नव्हे गं. मोठ्याने. पोथी कधी मनातल्या मनात वाचतात का? वाचणारा एक लागतो, ऐकणारा एक लागतो. मी ऐकते, तू वाच.”

“आत्ता? स्क्रीनवरून?”

“कशावरून का होईना. आणि पुटपुटू नकोस, दारापर्यंत जाऊ दे.”

शुभदा वाचू लागली, एक ओळ माझ्या भाषेत, मग तीच मराठीत. मनोरमाबाई प्रत्येक ओळीला “हं” म्हणत होत्या. दुसऱ्या ओळीला शुभदाचा आवाज कापला, कारण अनवाणी पावलं आता तिलाही ऐकू येत होती. ती दारातून आत येत होती. शुभदा थांबली नाही. “तिच्यावर कुणाचाही हक्क नाही.”

“हं,” मनोरमाबाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं, आता ती जाईल. इतक्या वर्षांनी सुटका झाल्यावर कोण थांबेल? मी निरोपाची तयारीही केली होती. पण पावलं खिडकीकडे गेली. तिथली रिकामी खुर्ची करकरली आणि तिची गादी हळूहळू खाली दबली. मी तिला माझ्या जन्मापासून ओळखते, पण ती बसलेली मला ठाऊक नव्हती. मग मनोरमाबाईंनी त्या खुर्चीला नमस्कार केला.

मी अजून लिफाफ्यातच आहे, आणि मला फोडू नका, आता गरज नाही. विनंती एकच आहे. कधी हायडेलबर्गला आलात आणि आमच्या खोलीत शिरलात, तर खिडकीजवळची खुर्ची तुम्हाला रिकामी दिसेल. तिच्यावर बसू नका. आणि तहान लागली, तर आपलं पाणी आपण उठून घ्या.