कठडा

आत्या खुर्चीवरून उठली, बसली, पुन्हा उठली. हात छातीशी बांधलेले. आधार घ्यायचा नाही असा नियम होता. फिजिओथेरपिस्टने घड्याळ थांबवलं आणि मागचे आकडे न बघताच ती हसली. फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता.

"आणि दुखणं? शून्य ते दहामध्ये?"

"तीन. खरंच तीन."

'खरंच' म्हणायची पाळी तिच्यावर आली ती तिच्याच करणीने. भाचा आत्या म्हणतो म्हणून सगळा दवाखाना तिला आत्याच म्हणायचा, आणि मागच्या मोजणीला आत्या सगळ्या दवाखान्याशी धडधडीत खोटं बोलली होती. पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी येत असताना तिने "दोन" सांगितलं होतं. घरी खाली भाच्याचं दुकान आणि तिची खाट, वर अंथरुणाला खिळलेला थोरला भाऊ, म्हणजे भाच्याचे वडील, आणि मधे अरुंद जिना. भावाचं जेवण, औषधं, अंग पुसणं, सगळं तिच्याकडे. गुडघ्यांत फरक पडला नाही तर बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवू, असं भाच्याने बजावलं होतं. पण खुर्चीपुढे लबाडी चालत नाही. फिजिओथेरपिस्टने मोजलं तसं लिहिलं: म्हणण्यासारखी सुधारणा नाही. त्याच आठवड्यात भावाला हलवलं.

"आता मात्र म्हणण्यासारखी आहे," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "व्यायाम मनापासून केलेत तुम्ही."

"व्यायाम तेच. जिना बंद झाला." आत्या भाच्याकडे वळली. "मॅडम लिहितायत बघ. आता दादाला घरी आण."

भाचा दाराशी उभा होता. त्याने हातातली किल्ली उगाच खिशात टाकली.

"आत्या, आणलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

"मग बरी कशाला झाले मी?"

फिजिओथेरपिस्टचं पेन थांबलं. एकदा खरं लिहून तिने या बाईचा भाऊ घराबाहेर काढला होता; आता खरं लिहिलं तर गुडघे जाणार होते. तिला त्या कागदाचा राग आला. तिने कोपऱ्यातल्या सरावाच्या लाकडी पायऱ्या दाखवल्या.

"चढून दाखवा. कठडा धरून."

"कठडा मी धरला तर दादाचं ताट कोण धरणार? कठडा?"

फिजिओथेरपिस्टने एक ट्रे आणला, त्यावर पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि तो तिच्या हातांत दिला.

आत्या चढली. नजर पेल्यावर, ओठ घट्ट मिटलेले. वरच्या पायरीवर उजवा गुडघा थरथरू लागला आणि थांबेना. हात मात्र स्थिर होते.

"दुखलं?"

"शून्य."

आत्याने ट्रे पुढे केला.

"पाणी सांडलं का, ते बघ," ती भाच्याला म्हणाली.

थेंबही सांडला नव्हता. पण भाचा बघत होता गुडघ्याकडे. तो पुढे झाला आणि त्याने हळूच तिच्या हातांतून ट्रे काढून घेतला.

"उतर आता आत्या. कठडा धर."

आत्याचे हात मोकळे झाले. ते तिने तसेच समोर धरून ठेवले.